लाकडाची फळी की विनाइलची पट्टी? ओल्या मुलखातल्या जमिनीची गोष्ट

 जेवणंखाणं आटोपली असतील, भांडी पालथी पडली असतील, तर थोडा वेळ आमच्याजवळ बसा. आज आपण पायाखालच्या जमिनीविषयी बोलणार आहोत.

गेल्या काही महिन्यांत आम्हाला बऱ्याच गटांकडून एकाच प्रकारचे प्रश्न आले. कोकणात आता अनेक बचत गट पाहुण्यांसाठी खोल्या काढतायत. कुणी घराचीच एक खोली रंगवून घेते, कुणी गोठ्याशेजारची पडवी बांधून काढते. न्याहारी आणि निवास योजनेत नाव घालायचं म्हटलं की खोली नीटनेटकी हवी. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं. लाकडी जमीन, त्यावर पांढरी चादर घातलेली कॉट, खिडकीतून दिसणारी पोफळ. आणि गटात चर्चा सुरू होते, की आपण खरी लाकडाची फळी घालायची, की विनाइलची ती लाकडासारखी दिसणारी पट्टी घालायची?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही पुस्तकात वाचून देत नाही. आम्ही एकदा फसलो आहोत. आधी ती गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने जोत्यावरची एक खोली पाहुण्यांसाठी तयार केली. वीस महिन्यांची बचत आणि वर बँकेचं कर्ज. आमच्यातल्या एकीने पुढाकार घेऊन शहरातल्या दुकानातून ‘वुडन फ्लोरिंग’ आणलं. दिसायला साग, हाताला गुळगुळीत, भावही परवडणारा. मे महिन्यात दोन दिवसांत काम झालं. आम्ही सगळ्या जणी पायातलं काढून त्या जमिनीवर चालून आलो. इतका आनंद झाला होता!

जून गेला, जुलै गेला. गणपतीच्या आठ दिवस आधी खोली झाडायला उघडली, तर पट्ट्यांच्या सांध्यांना टेंगळं आलेली. कोपऱ्यात जमीन चक्क वर उचललेली, पाय ठेवला की खाली दबायची. एक पट्टी उचलून पाहिली, तर खालून काळी बुरशी आणि कुबट वास. दुकानदार म्हणाला, पाणी सांडलं असेल. पाणी कुणी सांडलेलं नव्हतं. पाणी जमिनीतून आणि हवेतून आलं होतं.

पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे गटात बोलाचाली झाली. “तूच आणलंस, तूच भर,” असं कुणीतरी बोलून गेली. ती बाई दोन महिने बैठकीला आली नाही. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिला.

आज मागे वळून बघताना आम्हाला कळतं, की चूक त्या एकटीची नव्हती. काय विचारायचं तेच आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच आज आपण शिकून घेऊ.

लाकूड पाणी पितं म्हणजे काय?

पावसाळ्यात तुमच्या घराचं दार अडकतं ना? मे महिन्यात सुळकन लागणारं दार जुलैत खांद्याने ढकलावं लागतं. दिवाळीनंतर ते पुन्हा नीट लागतं. दारावर पाणी कुणी ओतलेलं नसतं. डब्याचं झाकण सैल राहिलं की पापड जसा मऊ पडतो, तसंच लाकूड हवेतली ओल घेतं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की ओल सोडतं आणि आकसतं.

आमच्या गावचे म्हातारे सुतारकाका म्हणतात, “लाकूड मेलां तरी पाणी पिऊचां सोडीत नाय.” अगदी खरं आहे. झाड तोडून पन्नास वर्षं झाली तरी त्याच्या फळीचं हे पिणं आणि सोडणं चालूच राहतं.

यात एक बारकावा आहे. फळी लांबीला जवळजवळ फुगत नाही. ती फुगते रुंदीला. आता हिशेब करू. चार इंच रुंदीची एक फळी पावसाळ्यात एक मिलिमीटरभर फुगली असं धरा. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दहा फुटांच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात. तीस फळ्यांचे झाले तीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा इंच. भिंत तर मागे सरकत नाही. मग त्या सव्वा इंचाने जायचं कुठे? फळ्या एकमेकींना रेटतात आणि मधे उचलल्या जातात.

दुसरी गोष्ट. फळीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली, तर खालची बाजू जास्त फुगते. मग फळीच्या दोन्ही कडा वर येतात आणि मधे खोलगट होतं. जोत्यावर थेट घातलेल्या लाकडाचं हेच होतं, कारण ओल खालून येते.

सगळी लाकडं सारखी हलत नाहीत. साग त्यातल्या त्यात कमी हलतो, आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण गाभ्याला, हे लक्षात ठेवा. खोडाच्या कडेचा जो फिकट पांढरट भाग असतो तो सागाचा असला तरी वाळवी खाते. स्वस्तात साग मिळाला तर फळीवर असे पांढरे पट्टे किती आहेत ते आधी पाहा. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. ते खोक्यांना ठीक, जमिनीला नको.

आणि आपल्या परड्यातलं झाड आहे म्हणून उठून तोडायचं नाही. महाराष्ट्रात झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा 1964 पासून आहे. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं त्याच्या यादीत आहेत. परवानगी घ्यावी लागते. विकत घेतलेल्या लाकडाचंही पक्कं बिल आणि वाहतुकीचा पास मागून घ्या.

मग आजीच्या माडीवरच्या फळ्या टिकल्या कशा?

हा प्रश्न आमच्याही मनात आला. आपल्याकडच्या जुन्या घरांत माडी असते, माळा असतो. तिथल्या फळ्या साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षं टिकलेल्या आपण पाहतो. हवा तीच, पाऊस तोच. मग?

सुतारकाकांना घेऊन आम्ही एका जुन्या घराची माडी बघायला गेलो. त्यांनी खालून वर बोट दाखवलं. माडीच्या फळीला वरूनही हवा लागते आणि खालूनही. दोन्ही बाजू सारख्याच ओलसर होतात आणि सारख्याच सुकतात, म्हणून फळी वाकत नाही. जमिनीची ओल तिथवर पोचत नाही. वाळवी मातीतून येते, तिला भिंतीवरून मातीची नळी करत वर चढावं लागतं आणि ती नळी डोळ्यांना दिसते. पूर्वी खाली चूल पेटायची, तिची ऊब आणि धूर वर जायचा, त्याने लाकूड कोरडं राहायचं. शिवाय दोन फळ्यांच्या मधे जुन्या सुतारांनी बारीक फट सोडलेली असते. ती फट म्हणजे कामातला आळस नव्हे. ती पावसाळ्यासाठी राखलेली जागा आहे.

आपल्या आजीने जोत्यावर कधी लाकूड घातलं नाही. खाली शेणाने सारवलेली जमीन, नाहीतर चोपलेली माती, नंतर कोबा. लाकूड वर, माती खाली. ही वाटणी अनुभवातून आलेली आहे. आमची चूक एवढीच झाली, की वरची वस्तू आम्ही खाली आणून घातली. आणि ते खरं लाकूडही नव्हतं.

‘वुडन फ्लोरिंग’ या एका नावाखाली किती वस्तू?

दुकानात या नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. दिसायला सगळ्या सारख्या. पारखायचं कसं? वरून बघू नका, पट्टीची कड बघा.

पहिली, सबंध लाकडाची फळी. हिच्या कडेलाही लाकडाच्याच रेषा दिसतात, वरची रेष कडेवरून खाली उतरते.

दुसरी, थरांची फळी. हिच्यात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवुडसारखे आडवे-उभे थर असतात. हे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ही सबंध फळीपेक्षा कमी हलते. पण पाण्याने थर सुटू शकतात.

तिसरी, लॅमिनेट. हिच्यात मधे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला तपकिरी पुठ्ठा आणि वर लाकडाचा छापील फोटो. आम्हाला विकलं गेलं ते हेच. हा पुठ्ठा एकदा पाण्याने फुगला की सुकल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. ओल्या मुलखातल्या जोत्यासाठी यापेक्षा वाईट निवड आम्हाला तरी ठाऊक नाही.

चौथी, विनाइलची पट्टी. हिच्यात लाकडाचा कणही नसतो. ही पीव्हीसी प्लास्टिकची. वर छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक थर. कडक पट्ट्यांमध्ये मधे दगडाची पूड आणि प्लास्टिक एकत्र दाबलेलं असतं. दुकानदार त्याला ‘एसपीसी’ म्हणतात.

ओळखायची घरगुती परीक्षा अशी. दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागून घ्या. त्याच्या कडेला पेन्सिलीने जाडी आखून ठेवा. तुकडा एक दिवस, एक रात्र बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी जाडी पुन्हा मोजा. लॅमिनेटचा तुकडा फुगून कडेने फुटलेला दिसेल. विनाइलचा तुकडा होता तसाच असेल. ही परीक्षा फुकट आहे आणि तिने आमचं कर्ज वाचलं असतं.

विनाइलला पाण्याची भीती नाही, मग प्रश्न मिटला का?

नाही मिटला. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ऐकला की आपण निश्चिंत होतो. विनाइलची पट्टी पाण्याने खराब होत नाही हे खरं. पण पट्टी वाचली म्हणजे खोली वाचली असं नाही.

बाजारातली प्लास्टिकची गुंडाळी, जिला आपण कार्पेट किंवा मॅट म्हणतो, ती तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी घरात अंथरली असेल. श्रावणात तिचा कोपरा उचलून बघा. खाली थेंब, काळे डाग, कुबट वास. जमिनीतून वर येणारी ओल पूर्वी हवेत उडून जायची. आपण वर प्लास्टिक घातलं आणि तिची वाट बंद केली. पातेल्यावर झाकण ठेवल्यावर झाकणाला आतून पाणी धरतं, तसंच. विनाइलच्या पट्टीखालीही हेच होतं. गोंदाने चिकटवलेली पट्टी असेल तर ओलीने गोंद सुटतो आणि कडा उघडतात. एकमेकींत अडकणारी पट्टी असेल तर वरून सगळं छान दिसतं आणि खाली बुरशी वाढत राहते. घरात कुणाला दमा असेल तर ती बुरशी त्रास देणारच. शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीवर तर विनाइल घालूच नका. खाली वाळवीला अंधार, ओल आणि एकांत, तिन्ही मिळतात.

विनाइलच्या आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ते उष्णतेने मऊ पडतं. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीखाली, गरम भांडं उतरवून ठेवायच्या जागी ते नको. मच्छर अगरबत्ती थेट ठेवली तर डाग पडतो. दुपारचं कडक ऊन थेट पडणाऱ्या खिडकीपाशी पट्टी प्रसरण पावते आणि रंगही फिका होतो. तिथे पडदा लावा.

रबराचं पायपुसणं त्यावर ठेवू नका. रबराचा पिवळा डाग विनाइलवर उतरतो आणि तो पुसून जात नाही. सुती पायपुसणं किंवा जुनी गोधडी बरी.

कॉट ओढू नका, उचला. पायांना जाड कापडाच्या टोप्या शिवून घाला. वरचा पारदर्शक थर एकदा खरवडला की त्याला रंधा मारता येत नाही. लाकडाची फळी घासून पुन्हा नवी करता येते. विनाइलची पट्टी बदलावीच लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उरलेले तुकडे चुलीत किंवा परड्यात जाळू नका. पीव्हीसी जळताना विषारी वायू निघतात. त्याने डोळे, घसा, छाती जळते आणि न दिसणारं विषही हवेत जातं. तुकडे जपून ठेवा, पुढे दुरुस्तीला कामी येतात.

आधी जमिनीला विचारा

म्हणजे प्रश्न लाकूड की विनाइल इथून सुरूच होत नाही. तो सुरू होतो आपल्या जोत्यातून किती ओल वर येते इथून. हे तपासायची सोपी पद्धत आहे.

जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा घ्या. जमीन झाडून, पुसून, पूर्ण सुकू द्या. तुकडा जमिनीवर पसरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करा, कुठूनही हवा जाता कामा नये. एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. मग प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरलेत का बघा. खालची जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गडद झाली आहे का बघा. दोन्हींपैकी एक जरी दिसलं, तरी ओल वर येते आहे. खोलीत एकाच ठिकाणी करू नका. मधे एक, बाहेरच्या भिंतीजवळ एक, न्हाणीच्या बाजूला एक, असे तीन तुकडे लावा.

आता यातली खरी मेख ऐका. ही परीक्षा मे महिन्यात करू नका. आपल्याकडे बांधकामं फेब्रुवारी ते मेमध्ये होतात, कारण पाऊस नसतो. पण तेव्हा जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते. मे महिन्यातली जमीन तुम्हाला खोटं सांगते. परीक्षा करा जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिल्यावर. निर्णय तेव्हा घ्या आणि काम दिवाळीनंतर काढा.

नवा कोबा किंवा काँक्रीट घातलं असेल तर त्यातलंच पाणी सुकायला वेळ लागतो. साधारण अंदाज असा, की एक इंच जाडीला एक महिना. चार इंच जाडीला चार महिने, तेही कोरड्या हवेत. पावसाळ्यातले महिने त्यात धरायचेच नाहीत.

ओल निघाली तर?

घाबरू नका. आधी बाहेर जाऊन बघा. पुष्कळदा रोग आत नसतो, बाहेर असतो.

पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या अगदी मुळाशी पडतं का? मग पन्हळ लावून ते दूर न्या. भिंतीला टेकवून मातीचा ढीग, शेणी, लाकडं रचून ठेवलीत का? ती हलवा. मागचं अंगण घराकडे उतरतं आहे का? मग चर खणून पाणी बाजूला काढा. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र आहे. त्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो ते वर ओढतो, दिव्याची वात तेल ओढते तसं. ही कामं गटातल्या बायका दोन-तीन दिवसांच्या श्रमदानात करू शकतात. आम्ही केली. पुढच्या पावसात भिंतीजवळच्या प्लास्टिकखाली थेंब दिसले नाहीत, मधल्या तुकड्याखाली मात्र दिसले.

मधली ओल म्हणजे थेट जमिनीखालची. तिच्यासाठी नवी जमीन करताना काँक्रीटच्या खाली पाव मिलिमीटर जाडीचं, म्हणजे 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरतात. जोडाच्या ठिकाणी एकावर एक वीतभर चढवतात आणि भिंतीशी वर वळवतात. नवं बांधकाम असेल तर हे करूनच घ्या, खर्च थोडा आणि फायदा कायमचा. जुनी जमीन फोडून हे करणं मात्र महाग पडतं. तेव्हा दुसरा विचार करा, की या खोलीला ओल सहन करणारीच जमीन द्यावी. कोबा, शहाबादी, साधी सिरॅमिक लादी. यांच्याखाली ओल असली तरी त्या फुगत नाहीत, कुजत नाहीत. लादी घ्याल तर खरखरीत पृष्ठभागाची घ्या. पहिल्या पावसात गुळगुळीत लादीला घाम सुटतो आणि म्हातारी माणसं घसरतात.

कुठे काय घालावं

आता आमचा सल्ला थोडक्यात सांगतो, कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

माडीवर, जिथे खालून-वरून हवा आहे, तिथे खरं लाकूड चालतं. जुन्या फळ्या असतील तर त्या उखडू नका. सडलेल्या तेवढ्या बदला, बाकीच्या घासून घ्या. नव्या फळ्या आणल्या तर त्याच खोलीत पंधरा दिवस मधे कांड्या घालून रचून ठेवा, म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतील. भिंतीशी बोटभर जागा सोडा, वरून पट्टी मारली की ती दिसत नाही. वरून जवसाचं तेल देता येतं. पण तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा. वाशांना आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे लावतात, वाळवीवर ते चांगलं. पण ते कातडी भाजतं. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

जोत्यावर, ओलीच्या परीक्षेत जमीन कोरडी निघाली, तर विनाइलची पट्टी घालायला हरकत नाही. खालची जमीन सपाट हवी. खड्डा असला की पट्टीचा सांधा तुटतो.

जोत्यावर ओल निघाली, तर लाकूडही नको, विनाइलही नको. कोबा किंवा लादी. पाहुण्याला लाकडाचं रूप हवंच असेल तर लाकडाच्या छापाची खरखरीत लादी मिळते.

न्हाणी, मोरी, चुलीची जागा इथे दोन्हींपैकी काहीच नको.

लॅमिनेट आपल्याकडे जोत्यावर कुठेच नको.

दुकानात जाताना

एकटीला पाठवू नका, तिघी जणी जा. हे प्रश्न वहीत लिहून न्या. पट्टीच्या आत काय आहे? कड दाखवा. एकूण जाडी किती आणि वरचा पारदर्शक थर किती मिलिमीटर? घरात वापरायला तो पातळ चालतो, येणं-जाणं जास्त असलेल्या खोलीला अर्धा मिलिमीटरपर्यंतचा बघावा. हमीमध्ये खालून येणारी ओल धरली आहे का? ते लेखी द्या. बिल पक्कं द्या. हे विचारल्यावर दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

हिशेबही आधी करा. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. कापताना वाया जातं, म्हणून दहा टक्के जास्त धरा, झाले 132. समजा एका खोक्यात 22 चौरस फूट माल आहे, तर सहा खोकी लागतील. एक खोकं जास्त घ्या आणि माळ्यावर ठेवा. पुढे दोन पट्ट्या खराब झाल्या तर तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही. आणि नुसत्या मालाचा भाव धरू नका. खालची जमीन सपाट करणं, गोंद, कडेच्या पट्ट्या, मजुरी, गाडीभाडं हे सगळं मांडून मग कोबा आणि लादीच्या खर्चाशी ताडून बघा. कर्जाचा हप्ता ठरवायचा तो त्या पूर्ण आकड्यावर.

शेवटी आमचं काय झालं

आमच्या जोत्यावरच्या खोलीत आज लाल कोबा आहे. दोन पावसाळे झाले, त्याला काही झालेलं नाही. वरच्या माडीवर जुन्याच सागाच्या फळ्या आहेत. सहा बदलल्या, बाकीच्या घासून घेतल्या. पाहुणे वरची खोली आधी मागतात. खालच्या खोलीत येणारे म्हणतात, उन्हाळ्यात पायाला गार वाटतं.

आणि जी बाई बैठकीला यायची थांबली होती, तिच्या घरी आम्ही सगळ्या जणी गेलो. ठराव सगळ्यांनी केला होता, सह्या सगळ्यांच्या होत्या, तेव्हा नुकसानही सगळ्यांचं, असं सांगितलं. ते सांगायला आम्ही दोन महिने लावले, याची आम्हाला अजून लाज वाटते. पुढच्या पावसाळ्यात ओलीची परीक्षा केली तेव्हा प्लास्टिकच्या कडा चिकटवायला तीच गुडघे टेकून बसली होती. आता आसपासचे गट तिलाच बोलावतात. ती जाताना पिशवीत प्लास्टिकचे तीन तुकडे आणि चिकटपट्टी घेऊन जाते.

तर मैत्रिणींनो, या पावसात एवढंच करा. श्रावणातल्या एखाद्या बैठकीच्या दिवशी तीन तुकडे चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून उघडा. काय दिसलं ते तारखेसकट गटाच्या वहीत लिहून ठेवा. मग लाकूड, विनाइल, कोबा, काय घालायचं ते ठरवा, आणि ठरावावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

तुमच्या वहीत काय लिहिलं गेलं ते आम्हाला नक्की कळवा.